तारीख आठवतेय का? मुंबई-पुण्याच्या सुरुवातीच्या पंक-रॉकचे अनुभव

गेल्या महिन्यात दादरला एका मित्राचं घर रिकामं करायला गेलो होतो. इमारत पुनर्विकासाला चाललीय, माळ्यावरचं सगळं खाली काढायचं होतं. समयांच्या मागे बुटाचं एक खोकं निघालं. आत २३ कॅसेटी. मित्र म्हणाला, "भंगारात जाऊ दे, आता वाजवणार कशावर?" मी खोकं उचलून घरी आणलं.

त्यातल्या एका कॅसेटसाठी हा धागा काढतोय. मेल्ट्रॅकची साठ मिनिटांची साधी कॅसेट. वरच्या कागदावर निळ्या बॉलपेननं लिहिलंय: "प्रॅक्टिस. आवाज खराब. पुसू नये." बँडचं नाव नाही, तारीख नाही. मित्राच्या थोरल्या भावाला कुणीतरी दिली होती, पण कुणी ते त्याला आठवत नाही.

वाजवली. आधी दाराची कडी, मग एक मुलगा: "वादळ आलंय. सगळे आत गेले." दुसरा म्हणतो, "चला मग, तोवर वाजवून घेऊ." आणि जे काही सुरू होतं! ड्रम सुसाट पुढे, गिटार चिरफाळलेली, तीन सूर फारतर चार, एकही गाणं अडीच मिनिटांच्या वर जात नाही. बोल कधी हिंदी, कधी इंग्रजी, आणि एक गाणं चक्क मराठीत, रेशनच्या दुकानासमोरच्या रॉकेलच्या रांगेवर. तिसऱ्या गाण्याच्या मधोमध दाराबाहेरून बाईचा आवाज येतो: "पानं घेतलीयेत रे, भात गार होतोय." वाजवणारा कुणी थांबत नाही. शेवटी कुणीतरी धावत येऊन ओरडतो, "सेहेचाळीस केल्या, सेहेचाळीस!" आणि खट्कन टेप बंद.

माझा अंदाज असा की वादळ म्हणजे जून, आणि साल २००० च्या पुढेमागे. सेहेचाळीस कशाचे, ते कळलेलं नाही.

मुंबईच्या जॅझवर इंग्रजीत चांगलं लेखन झालंय, साठ-सत्तरच्या दशकांतल्या रॉकवरही झालंय. ज्यांचे अल्बम निघाले त्यांच्या नोंदी मिळतात. रॉक मशीनचा पहिला अल्बम १९८८ चा, पुढे १९९३ मध्ये त्याच बँडचं नाव इंडस क्रीड झालं, हे कुणीही शोधून काढेल. पण ज्यांनी अल्बम काढलाच नाही, कॉलेजच्या स्पर्धेत तीन गाणी वाजवली आणि नोकरीला लागले, त्यांचं काय? आणि पंकसारखं संगीत तर मुळात त्यांचंच. हे तीन सूर घे आणि लाग वाजवायला, एवढीच त्याची अट होती. आपल्याकडे सुरुवातीला कुणी स्वतःला पंक म्हणवतही नव्हतं. मेटलवाल्यांच्या कार्यक्रमात, रॉकच्या स्पर्धेत, कुठेतरी मध्येच ते वाजायचं. म्हणून व्याख्येवरून वाद नको. जे जोरात, भरभर आणि स्वतःच्या हिमतीवर वाजलं ते सगळं इथे चालेल.

लिहिताना आधी जागा, मग तारीख, मग आठवण. कोण वाजवत होतं, तिकीट किती होतं, तुम्ही कुठे उभे होतात, आज तुमच्याकडे काय उरलंय. आठवत नसेल तर तसंच लिहा, अंदाज असेल तर अंदाज म्हणा. आणि मित्रमैत्रिणींची नावं त्यांना विचारल्याशिवाय घालू नका.

गिरगाव, ठाकूरद्वार

मी पंकवाला नाही, पण रंगभवन माझ्याइतक्या वेळा पायी चालत जाऊन फार थोड्यांनी पाहिलं असेल. धोबी तलावला, झेवियर्स कॉलेजला लागून असलेलं उघडं नाट्यगृह. १९७८ साली तिथे पहिली जॅझ यात्रा झाली तेव्हा मी नुकताच अठराचा झालो होतो. तोवर सॅक्सोफोन म्हणजे वरातीतलं वाद्य एवढंच माहीत. सॉनी रोलिन्स वाजवायला लागले आणि मी शेजारच्याचा हात घट्ट धरला. तो कोण होता तेही मला ठाऊक नव्हतं.

त्या काळात मराठी घरांत हे संगीत नव्हतंच असं कुणी म्हटलं की मला राग येतो. नंदू भेंडे कोणाचे? आत्माराम आणि आशा भेंडे यांचे. नाटकाच्या घरातला मुलगा वेल्व्हेट फॉग या रॉक बँडमध्ये गायला, अॅलेक पदमसींच्या रॉक ऑपेरात जुडास झाला. २०१४ मध्ये ते गेले तेव्हा आमच्या वाडीतल्या किती जणांना नाव सांगून कळलं असतं?

पुढे फरहाद वाडियांनी इंडिपेंडन्स रॉक हा रॉकचा महोत्सव सुरू केला. ऑगस्टचा पाऊस, वर छप्पर नाही, काळे टी-शर्ट घातलेली पोरं चिखलात नाचताहेत. मला एव्हाना नोकरी, संसार होता. दोन वर्षं तिकीट काढून आत गेलो, बाकीच्या वेळी ऑफिसातून येताना बाहेर फुटपाथवर उभा राहून ऐकलं. बाहेरही शंभरेक माणसं असायची. त्यांचा हिशेब कुठल्याच नोंदीत नसणार, म्हणून इथे लिहितो.

रंगभवन का बंद पडलं याच्या पुष्कळ कंड्या ऐकल्या आहेत. सरळ कारण असं की ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, आणि रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र ठरले. रंगभवनाला तर कॉलेज भिंतीला भिंत लागून. पुढच्या दोनचार वर्षांत तिथला मोठा आवाज कायमचा थांबला. मी नियमाच्या विरोधात नाही. माझी आई शेवटचे दिवस इस्पितळात होती, शांततेची किंमत मला कळते. पण त्या बदल्यात शहरानं त्या पोरांना दुसरी जागा द्यायला हवी होती, ती दिली नाही.

माझ्याकडे एक छापील पत्रक आहे. कॉलेजच्या मुलांचा छोटा कार्यक्रम, चार बँड. त्यावर "रविवार, १५ ऑगस्ट" एवढंच आहे, साल नाही. पाठीमागे आमच्या हिच्या अक्षरात वाणसामानाची यादी. खाली पत्ता "बॉम्बे" असा.

*(धागाकर्ता: काका, पत्रक अजिबात टाकू नका. १५ ऑगस्टला रविवार १९८२, १९९३ आणि १९९९ मध्ये होता. शहराचं नाव १९९५ मध्ये बदललं, तेव्हा १९९९ बाद धरू. तुमचं लग्न कधीचं?)*

१९८६ चं. म्हणजे १९९३! हिला आत्ताच सांगितलं. ती म्हणते, यादीत साबुदाणा दोन किलो आहे म्हणजे श्रावणच असणार.

डोंबिवली

दादा, तुम्ही "चिरफाळलेली गिटार" लिहिलंत आणि मी खुर्चीत उठून बसलो. तो आवाज कसा काढायचे ते मला माहीत आहे, कारण आम्हीही तसाच काढायचो. अॅम्प्लिफायर घ्यायला पैसे कुणाकडे होते? गिटार गिव्सनची, कोलकात्याची, तारा बोटांना रक्त काढायच्या इतक्या उंच. तिला एक पिकअप ठोकून घेतलेला. घरचा टेपरेकॉर्डर घ्यायचा, माइकच्या भोकात गिटारची वायर खुपसायची, रेकॉर्ड आणि पॉज ही बटणं एकत्र दाबायची. आवाज टेपच्या स्पीकरमधून यायला लागतो, आणि माइकच्या मानानं गिटारचा जोर जास्त, त्यामुळे तो फाटतो. परदेशात लोक त्यासाठी पेडल विकत घेत होते, आम्हाला बाबांच्या भजनाच्या टेपमध्ये फुकट मिळालं. वर्षभरात स्पीकर गेला. बाबांना खरं कारण मी त्यांच्या साठीला सांगितलं.

प्रॅक्टिस गणपती मंडळाच्या खोलीत. मंडळाची अट एकच, दहा दिवस ऑर्केस्ट्रात वाजवायचं. वाजवलं. आमच्या ड्रमरचा हात जो बसला तो त्या दहा दिवसांत, लोकांच्या फर्माइशींवर.

परदेशी गाणी मिळवायची म्हणजे कॅसेट भरून घ्यायची. रिदम हाउसला जाऊन नवं काय आलंय ते बघायचं, खिशात पैसे नसले तर नुसतं बघायचं, आणि मग ज्याच्याकडे ती कॅसेट असेल त्याच्याकडून भरून घ्यायची. एकाकडून दुसऱ्यानं, दुसऱ्याकडून तिसऱ्यानं. माझ्यापर्यंत पोचेतो गाण्यापेक्षा खरखर जास्त झालेली असायची, आणि मला कित्येक वर्षं वाटायचं की पंकचं रेकॉर्डिंग मुळातच तसं असतं. काळा घोड्याचं ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं, त्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो.

पहिला खरा कार्यक्रम एका कॉलेजच्या स्पर्धेत, १९९६ च्या डिसेंबरात. तारीख नक्की नाही, दत्तजयंतीच्या आसपास. डोंबिवलीहून संध्याकाळची उलटी गाडी, तरी गर्दी. गिटार डोक्यावर धरून दीड तास. "तंबोरा सांभाळ रे," असं एक काका म्हणाले आणि त्यांनी स्वतः उठून माझ्या गिटारला खिडकीजवळ जागा दिली. आम्ही दोन गाणी वाजवली. तिसऱ्या गाण्याला परीक्षकांनी हात वर केला. का थांबवलं ते कुणी सांगितलं नाही. पण दुसरं गाणं सुरू असताना समोरची वीसेक पोरं एकमेकांना धडका देत गोल फिरत होती. तसं मी तोवर फक्त मासिकातल्या फोटोत पाहिलं होतं. त्या वीसपैकी कुणी हे वाचत असेल तर कृपया लिहा. माझ्याकडे त्या दिवसाचं काहीही नाही, ना फोटो, ना टेप.

वसई

फार नाही लिहिता येत. पिन ड्रॉप व्हायोलन्स या बँडचा टी-शर्ट अजून कपाटात आहे, गळ्याशी उसवलाय. बायकोनं दोनदा फरशी पुसायला काढला, दोनदा वाचवला. फोटो काढून पाठवतो.

पुणे, कर्वेनगर

वरचं सगळं वाचून एक गोष्ट खटकली, ती लिहिते. आत्तापर्यंत इथे पोरंच पोरं आहेत. मुली होत्या. मी होते.

२००४ ते २००७ मी पुण्यातले जवळजवळ सगळे छोटे कार्यक्रम पाहिले. एनएच सेव्हन वीकेंडर हा संगीत महोत्सव कोरेगाव पार्कात २०१० मध्ये सुरू झाला आणि मग पुणे म्हटलं की सगळ्यांना तेच आठवायला लागलं. त्याआधीचं पुणं म्हणजे कॉलेजची अँफीथिएटरं, कुणाच्या बंगल्याची गच्ची, लग्नाचा हॉल रिकाम्या दिवशी भाड्यानं. मी आणि माझी मैत्रीण मिळून चार पानांचं एक पत्रक काढायचो. आदल्या महिन्यात कोण वाजलं, कसं वाजलं, पुढे काय आहे. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. हातानं लिहायचं, मासिकांतली चित्रं कापून डिंकानं चिकटवायची, फर्ग्युसन रस्त्याच्या मागच्या गल्लीत झेरॉक्स. चाळीस प्रती. दोन रुपये किंमत लिहिलेली, पण पैसे मागायला लाज वाटायची म्हणून फुकट वाटायचो. सहा अंक निघाले. माझ्याकडे तीन आहेत: पहिला, दुसरा आणि पाचवा.

फोटोही मीच काढायची, बाबांच्या याशिकावर. कार्यक्रमांच्या त्या फोटोंत मी कुठेच नाही. पुढे एका बँडनं माझे सात फोटो वापरले, खाली नाव दुसऱ्याचं. त्यांनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. विचारायचं असतं हेच तेव्हा कुणाला सुचलं नाही. निगेटिव्ह माझ्याकडे आहेत, प्रत्येक पाकिटावर तारीख आहे. कुठला बँड कधी, कुठे वाजला असले वाद ज्यांना मिटवायचे असतील त्यांनी मला विचारावं.

आणि एक इशारा. नव्वदच्या दशकातलं काही हरवलंय म्हणून सगळे हळहळतात, पण खरं भगदाड २००४ ते २०१० चं आहे. कागद माळ्यावर तरी राहतो. आमच्या सगळ्या घोषणा, गाण्यांच्या याद्या, भांडणं तेव्हाच्या सोशल साइटवर होती, ती साइट २०१४ मध्ये बंद झाली. फोटो ज्या सीडींवर ठेवले त्यांतल्या निम्म्या आता उघडत नाहीत. ज्यांच्याकडे त्या काळातले संगणक असतील त्यांनी हार्ड डिस्क काढून ठेवा, मगच संगणक द्या.

*(धागाकर्ता: ताई, सहातले तीन अंक तुमच्याकडे आहेत. बाकीचे कुणाकडे असतील तर इथे हात वर करा. आणि "कोण कसं वाजलं" हे त्याच महिन्यात लिहिलेलं असणं, याला आज आम्ही कितीही आठवून लिहिलं तरी तोड नाही.)*

दादर

वय ७६. माझ्या नातवानं हे वाचायला दिलं. संगीत माझ्या कानाला सोसत नाही, पण या ताईंच्या चार पानी अंकावर मला बोलायचं आहे.

हे आपल्याकडे आधी झालेलं आहे. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांनी १९५४ मध्ये 'शब्द' काढला तो सायक्लोस्टाइल करून. अशोक शहाणेंचा 'असो' आला, आणखी कितीतरी आली. लघुनियतकालिकं म्हणायचो आम्ही त्यांना. प्रस्थापित छापणार नाहीत तर आम्ही छापू, हीच भूमिका. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला. तेव्हा लंडनला पंक जन्मायचं होतं. ज्यांना मराठीत पंकची मुळं सापडत नाहीत त्यांनी इकडे बघावं असं माझं मत आहे.

आणि चूकही तीच होऊ नये. ते अंक तेव्हा आम्ही वाचले, पुढे सरकवले, रद्दीत घातले. आज संशोधक एकेका अंकासाठी हिंडतात. माझ्याकडे जे चाळीसेक उरले त्यांच्यावरून सांगतो: टाचण्या आणि स्टेपल आधी काढा, गंज कागद खातो. फाटलं तर सेलोटेप लावू नका, वीस वर्षांनी ती पिवळी पडून अक्षरं घेऊन जाते. लॅमिनेशन तर मुळीच नाही. झेरॉक्सची पानं प्लास्टिकच्या पिशवीत दाबून ठेवली तर शाई प्लास्टिकला चिकटते. प्रत्येक पानामध्ये साधा पांढरा कागद घाला, पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवं ठेवा. झेरॉक्सवाल्या ताई, तुमचा तिसरा अंक सापडला तर मला बघायला आवडेल.

ठाणे, साउंडचा व्यवसाय

मी १९९१ पासून साउंड करतो. मांडव, लग्न, नाटक, प्रचारसभा, आणि अधूनमधून तुमचे हे बँड. पैसे सगळ्यात कमी तेच द्यायचे आणि सगळ्यात जास्त मजा तिथेच यायची. आहुजाचे कॉलम आणि चार माइक घेऊन गेलो की पोरं विचारायची, "काका, मॉनिटर कुठाय?" मॉनिटर नसायचाच. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नसे, म्हणून तो ओरडायचा. त्या काळच्या टेपांवर सगळे गायक ओरडतात असं वाटतं त्यात त्यांच्या रागाइतकाच माझ्या सामानाचाही वाटा आहे.

आता कामाचं. धागाकर्त्या भाऊंनी कॅसेट सापडल्यावर लगेच वाजवली, ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. आपल्या हवेत माळ्यावर पडलेली टेप थेट वाजवायची नाही. आधी खिडकीतून बघा, रिळावर पांढरी भुकटी दिसते का. दिसली तर ती बुरशी, तशी वाजवली तर टेपही खरवडते आणि प्लेअरच्या हेडला लागून पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागते. बुरशी नसेल तर दोन दिवस सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा. मग एकदा पुढे, एकदा मागे पूर्ण फिरवा, न वाजवता.

कॅसेटच्या मधोमध, टेपच्या मागे, धातूच्या पट्टीवर फेल्टचा एक चौकोनी तुकडा असतो. टेपला हेडवर दाबून धरायचं काम त्याचं. जुन्या कॅसेटींत त्याचा गोंद सुटतो, तुकडा पडतो आणि आवाज बुडबुड्यांतून आल्यासारखा येतो. लोकांना वाटतं टेप गेली. टेप ठीक असते. स्क्रूवाली एखादी कोरी कॅसेट उघडायची, आपली रिळं तिच्यात बसवायची, झालं. चिकटवलेल्या कॅसेटी कडेनं अलगद उकलाव्या लागतात, ते सवयीच्या माणसाकडून करून घ्या.

दर कॅसेटआधी हेड आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा. मग प्लेअरच्या हेडशेजारचा छोटा स्क्रू. तो अगदी हलक्या हातानं फिरवत राहिलं की एका जागी झांज एकदम उघडते, काच पुसल्यासारखी. ज्या यंत्रावर भरलं त्याचा कोन तुमच्या यंत्राशी जुळला असा त्याचा अर्थ. हे न करता लोक बास-ट्रेबल फिरवत बसतात. संगणकावर घेताना चोवीस बिट, वॅव्ह फाइल, एमपी थ्री नाही. खरखर काढायची असेल तर ती दुसऱ्या प्रतीत काढा, मूळ फाइलला हात लावायचा नाही. खरखरीतच पुष्कळ काही असतं: पंखा, रस्ता, शेजाऱ्यांचा टीव्ही. आणि सगळ्यात आधी कॅसेटच्या पाठीवरच्या दोन बारीक पाती मोडा, म्हणजे चुकून वरून काही भरलं जाणार नाही.

माझ्याकडे यंत्र आहे. जे या धाग्यावर लिहितील त्यांच्या कॅसेटी मी पैसे न घेता उतरवून देईन. रविवारी या, आधी फोन करून.

मेरीलँड, अमेरिका

मी मूळची सांगलीची, आता वॉशिंग्टनच्या शेजारी. इथल्या सार्वजनिक वाचनालयात, शहराच्या मुख्य शाखेत, २०१४ पासून पंकचा संग्रह आहे. पत्रकं, हातानं केलेली मासिकं, रेकॉर्डी, फोटो. कुठल्या धनिकाचं संग्रहालय नाही, तेच वाचनालय जिथे माझी मुलगी गोष्टींची पुस्तकं घेते. संग्रहाची माहिती व्हावी म्हणून त्यांनी वाचनालयाच्या तळघरात बँड वाजवायला बोलावले. ग्रंथपालच दारात उभे होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि मला आमच्या सांगलीच्या वाचनालयातले कडक शिस्तीचे काका आठवले.

पण तुम्हाला खरा उपयोग फुगाझीच्या कामाचा होईल. हा इथलाच बँड. त्यांचे हजारावर कार्यक्रम झाले, त्यांतल्या आठशेच्या वर कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग त्यांनी स्वतः जपलं आणि २०११ पासून ते लोकांसमोर मांडायला सुरुवात केली. प्रत्येक कार्यक्रमाच्या नोंदीत तारीख, जागा, प्रवेशाचे पैसे, किती माणसं होती, रेकॉर्डिंग कुणी केलं, असं सगळं. आवाज वाईट असला तरी तो लपवत नाहीत, तसं लिहितात. आपल्या धाग्यातल्या प्रत्येक अनुभवाला हाच तक्ता लावता येईल. "रेकॉर्डिंग कुणी केलं" हा रकाना मला सगळ्यात आवडतो, कारण त्यामुळे ठाण्याच्या काकांसारख्यांची नावं राहतात.

उलट बाजूही सांगते. मुंबईच्या अॅटॉमिक फॉरेस्टचं सत्तरच्या दशकातलं संगीत मी ऐकलं ते इथे, नाऊ-अगेन नावाच्या अमेरिकन लेबलनं पुन्हा काढलेल्या रेकॉर्डवर. दुकानात उभी राहून रडू आलं. आपल्या शहराचं संगीत आपल्याला इतक्या लांबून परत घ्यावं लागू नये.

म्हापसा, गोवा

रेमो फर्नांडिस यांना कुणी पंक म्हणणार नाही, मीही नाही. पण १९८४ मध्ये त्यांनी शिवोलीच्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर आख्खा अल्बम केला, वाद्यं स्वतः वाजवली आणि कॅसेटी स्कूटरवर घालून दुकानोदुकानी दिल्या. कंपनी नको, दलाल नको. आमच्या पिढीनं पाहिलेला स्वतःच्या हिमतीचा पहिला धडा तो होता. माझ्या आतेभावानं त्या स्कूटरवरूनच कॅसेट घेतल्याचं तो सांगतो, पण त्याच्याकडे ती आता नाही.

मुलुंड

धागाकर्त्या दादा, जून नाही. वादळ मुंबईतलं नाहीच.

"वादळ आलंय. सगळे आत गेले." कोण आत गेले? खेळाडू! शारजातलं वाळूचं वादळ, भारत-ऑस्ट्रेलिया, २२ एप्रिल १९९८, बुधवार. सचिनची १४३. मी तेव्हा दहावीत गेले होते आणि बाबांनी त्या रात्री घरात कुणालाही जागेवरून हलू दिलं नव्हतं, मी पाणी प्यायला उठले तरी ओरडले. वादळानं खेळ साधारण पंचवीस मिनिटं थांबला होता. परत सुरू झाला तेव्हा ५० ची षटकं कापून ४६ केली, लक्ष्य २७६ आणि फायनलला जायला २३७. "सेहेचाळीस केल्या" म्हणजे ओव्हर केल्या!

म्हणजे ती मुलं मॅच बघत होती. मॅच थांबली म्हणून वाजवायला उठली, आणि सुरू झाल्याबरोबर टेप बंद करून परत टीव्हीसमोर गेली. रात्रीची वेळ, म्हणून आई पानं घेऊन बसलेली. पडताळून बघायचं तर वादळाचं वाक्य आणि सेहेचाळीसचं वाक्य यांत किती मिनिटं आहेत ते मोजा.

धागाकर्ता

मोजलं. २४ मिनिटं आणि काही सेकंद.

हेडफोन लावून परत ऐकलं. पाचव्या आणि सहाव्या गाण्यामध्ये, अगदी मागे, भिंतीपलीकडे टीव्ही आहे. त्यावर जाहिरात चाललीय, शब्द लागत नाहीत, पण चाल लागते. खरखर काढून टाकली असती तर हेही गेलं असतं. ठाण्याचे काका, तुमचं ऐकलं. पाती मोडली.

२००० म्हणत होतो ते दोन वर्षं मागे आलं. १९९८ च्या एप्रिलमध्ये मुंबईत कुठेतरी चार मुलं रॉकेलच्या रांगेवर मराठीत हे असलं वाजवत होती. माझ्या माहितीत याआधीचं मराठी गाणं या धाटणीचं नाही. कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा, मला चुकीचं ठरायला आवडेल. गाण्याचे जेवढे शब्द लागतात ते असे: "पाच लिटरचा डबा, सकाळपासून उभा". पुढची ओळ ड्रममध्ये बुडते. कुणी ओळखत असेल, वाजवणारं, ऐकणारं, शेजारचं, तर लिहा.

मेरीलँडच्या ताईंचा तक्ता पहिल्यांदा याच कॅसेटला लावला. पेन्सिलनं लिहिलंय: बुधवार, २२ एप्रिल १९९८, रात्र. जागा: माहीत नाही. बँड: माहीत नाही. रेकॉर्डिंग कुणी केलं: माहीत नाही. माणसं: वाजवणारे, निरोप आणणारा एक, दाराबाहेर आई.

उरलेल्या २२ कॅसेटी येत्या रविवारी ठाण्याला नेतोय.